खिरीचा मान

दवाखान्याच्या आवारातल्या कडुनिंबाखाली सिस्टर क्लारांना माती दिली, त्याला परवा एक महिना झाला. महिन्याच्या प्रार्थनेचं बोलावणं होतं. परभणीहून सकाळच्या एसटीने पालमला उतरले आणि तिथून जीपने गावात आले. थडग्यावरची माती अजून बसली नव्हती. आमच्या काळ्या रानातली माती तशी लवकर बसत नाही, तिला एक पावसाळा जावा लागतो. ढिगाऱ्यावर कोणी झेंडूचे हार ठेवले होते, कोणी नारळ, कोणी मेणबत्त्या. एका कडेला विभूतीची चिमूटही होती. सिस्टर असत्या तर म्हणाल्या असत्या, "एवढं सगळं मला? मी काय लगीन करायलेय का?"

मांडवात भाषणं झाली. लांबून आलेले एक फादर सेवा आणि त्याग यांवर बोलले. चांगलं बोलले. ऐन तरुणपणी केरळातलं हिरवं गाव सोडून ही बाई या उन्हाच्या मुलखात आली आणि परत गेली नाही, असं त्यांनी सांगितलं. मग माईक माझ्यापर्यंत आला. मी उठले, हात जोडले आणि खाली बसले. शाळेच्या ग्रंथालयात उभा जन्म गेला, पुस्तकांच्या सहवासात बोलायची सवय राहिली नाही. बोलताना मला वाक्य सापडत नाही. लिहिताना उशिरा का होईना, सापडतं.

प्रार्थना संपल्यावर मी दवाखान्याच्या मागच्या खोलीत गेले. आता तिथे काही नाही. भिंतीतले खिळे आहेत आणि फरशीवर घमेल्यांच्या बुडांचे गोल डाग. पण दार उघडलं आणि वास आला. उकळलेल्या सुती कापडाचा, करंजाच्या तेलाचा, जंतुनाशकाचा. इतक्या वर्षांनी तो वास भिंतीत कसा राहिला, कोण जाणे. मी डोळे मिटले आणि सात वर्षांची झाले. सात वर्षांच्या मला तेव्हा जगातली एकच गोष्ट हवी होती. माझ्या आईच्या हातचं लोकांनी खावं.

त्याआधीचा एक वास आहे, तोही सांगायला हवा. आई चुलीपुढे भाकरी करत होती, मी पाटीवर बाराखडी गिरवत होते. कसलातरी करपट, चामडी जळल्यासारखा वास आला.

"आई, काय जळायलंय गं?"

"भाकर असंल," आई म्हणाली आणि तव्यावरची भाकरी पाहिली. भाकरी पांढरीशुभ्र होती. मग आम्हा दोघींनाही दिसलं. तिच्या उजव्या हाताची करंगळी तव्याच्या कडेला टेकलेली होती. आईने हात उचलला आणि जणू तो दुसऱ्या कोणाचा असावा, असं त्याच्याकडे पाहिलं.

पुढच्या आठवड्यात दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला सिस्टरांकडे नेलं. सिस्टरांनी पाठीवरचा चट्टा पाहिला, कापसाचं टोक फिरवून "कळायलंय का?" असं विचारलं, आणि रोगाचं नाव सांगितलं. ते नाव दवाखान्याच्या कुंपणाबाहेर गेलं तेव्हा आम्ही अजून घरी पोचलोही नव्हतो.

मग हापशावर आई गेली की बाया घागरी उचलून बाजूला व्हायला लागल्या. शेजारून वाटीभर डाळ यायची ती थांबली, आमच्याकडून जायची तीही थांबली. जनाकाकू, म्हणजे दादांच्या थोरल्या भावाची बायको, कालपर्यंत आईबरोबर एका चुलीवर स्वयंपाक करत होती. तिने मध्ये कुडाची भिंत घातली. भांडण झालं नाही, कोणी शिवी दिली नाही. जनाकाकू कुडाच्या पलीकडून आईशी पूर्वीइतकंच बोलायची, हसायची. फक्त आईने केलेलं काही तिच्या घरात गेलं नाही.

आणि खिरीचा मान गेला. आमच्या बौद्ध वस्तीत वैशाखी पौर्णिमेची खीर दर वर्षी एका घराकडे असते. दूध, तांदूळ, साखर सगळ्या घरांतून येतं, पण शिजवायची आणि वाढायची त्या घरच्या बाईने. सुजाताने सिद्धार्थाला दिलेल्या खिरीची ती आठवण. आमच्या घराचा मान दर पाचव्या वर्षी येई. मी तिसरीत असताना तो आला, तेव्हा जनाकाकूच पदर खोचून विहारासमोर उभी राहिली. "कौसल्याला बरं न्हाई," असं तिने सगळ्यांना सांगितलं. आई आमच्या उंबऱ्यात बसून लांबूनच बघत होती. तिने नवं पांढरं लुगडं नेसलं होतं. ते कशाला नेसली, असं मी तिला विचारलं नाही.

सिस्टरांकडे आम्ही रोज जात असू. त्यांची मराठी आमच्याच गावात तयार झाली होती. पुस्तकातलं एक वाक्य त्यांना येत नव्हतं. परभणीहून मोठे डॉक्टर तपासणीला आले की सिस्टर त्यांना म्हणत, "बसा की वो साहेब, कामून उभारलाव?" आणि डॉक्टर चष्मा काढून पुसायला लागत. पेशंट खुर्चीवर आणि सिस्टर जमिनीवर, अशी त्यांच्याकडची बसायची रीत होती. पाय मांडीवर घ्यायचा तर खाली बसल्याशिवाय जमत नाही, एवढंच त्याचं कारण त्या सांगत.

दिवस कलला की त्या मागच्या खोलीत घमेली मांडली जात. कोमट पाण्यात हातपाय बुडवून बसायचं. कातडी मऊ झाली की खरखरीत दगडाने घट्टे घासायचे, ओल्या अंगावरच तेल चोळायचं आणि मग खिडकीच्या उजेडात हात धरून बोटन्‌बोट बघायचं. कुठे भाजलंय का, कुठे काटा रुतलाय का, कुठे फोड आलाय का. बधिर हात स्वतःहून काही सांगत नाही, त्याला रोज विचारावं लागतं. आई आपला हात उलटासुलटा करून बघे आणि मी तिच्या बाजूला बसून माझा. मला काही झालेलं नव्हतं. पण सिस्टरांचा नियम होता की खोलीत जो असेल त्याने हात बघायचे. त्याही बघत. त्यांच्या बोटांना कापड उकळून उकळून भेगा पडलेल्या होत्या.

"दुखतंय तिथं माणूस आपोआप बघतंय," त्या म्हणत. "दुखत न्हाई तिथं कोण बघणार? म्हणून हे डोळे दिलेत देवानं."

एकदा मी शाळेतून रडत थेट दवाखान्यात आले. वर्गात एका मुलीने माझ्या तांब्यातलं पाणी ओतून दिलं होतं. मी म्हणाले की मला तिला मारायचंय. सिस्टर कुणाचातरी पाय पुसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"तुझ्या आईचा हात तव्याला लागला, तवा तिला कळलं का?"

"न्हाई."

"मग हाताला मारलंस का तू?"

मी बाहीने नाक पुसलं.

"गावाचंबी तसंच हाय पोरी. गाव बधिर झालंय. तुला भाजायलंय, त्याला कळंना. रोज बघायचं, पाण्यात ठेवायचं, तेल लावायचं. लय दिवस लागतात. घास तो दगड आता, बस."

सिस्टरांचा सगळा धर्म मला एवढाच कळला. त्यापुढचं त्यांनी मला शिकवलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण त्यांची जपमाळ मला आठवते. काळ्या मण्यांची, मध्ये दोनदा दोऱ्याने जोडलेली. त्या जपाला बसत आणि हमखास कोणीतरी दारात येई. मग त्या जिथे पोचल्या असतील त्या मण्याशेजारी सेफ्टी पिन अडकवत, माळ खिळ्याला टांगत आणि उठत. कधीकधी एक माळ पुरी व्हायला तीन दिवस लागत. मी सकाळी आल्या आल्या पिन कुठे आहे ते बघायची. पिन कालच्याच जागी असली की समजायचं, काल गर्दी होती.

त्याच भिंतीवर एका बाईची तसबीर होती. निळा पदर, कडेवर बाळ. आई आल्यावर आधी तिच्यापुढे हात जोडून त्रिशरण म्हणायची, पौर्णिमेला मेणबत्ती लावायची. ती बाई म्हणजे सिद्धार्थाची आई महामाया, याबद्दल तिला कधी शंका आली नाही. आमच्या वस्तीतल्या सगळ्याच बायकांना तसं वाटे. दवाखान्यात दुसऱ्या कोणाच्या आईची तसबीर कशाला असेल? सिस्टरांना हे फार उशिरा कळलं. आईनेच एकदा सहज सांगितलं, की बाळ झालं आणि सातव्या दिवशी महामाया गेली, लेकराचं काही बघायला मिळालं नाही बिचारीला.

सिस्टरांनी तसबिरीची काच हाताने पुसली. मग म्हणाल्या, "हिचं उलटं झालं गं कौसल्ये. हिचं नाव मरिया. हिचं लेकरू हिच्या डोळ्यांपुढं मारलं."

आई दचकली. जीभ चावली. "मंग मी इतके दिवस दुसरीलाच हात जोडायले का काय?"

"चालतंय की. तिनं काय नमस्कार परत दिले का?"

दोघी हसल्या. आईने त्यानंतरही त्रिशरणच म्हटलं. फक्त मेणबत्ती दोन लावू लागली.

वर्षं गेली. आधी पांढऱ्या गोळ्या होत्या, मग नवी पाकिटं आली, त्यांत लाल कॅप्सूल होती. आईचा रंग काळवंडला, पुन्हा उजळला. एक दिवस सिस्टरांनी तिची कातडी तपासली, शिक्का मारलेला कागद तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "जा. बरी झालीस. आता हितं येऊ नको, आलीस तर चहा प्यायला ये."

आई कागद घेऊन हापशावर गेली. जनाकाकूने तो उलटा धरून पाहिला. तिला वाचता येत नव्हतं. तिने आईच्या उजव्या हाताकडे बोट केलं. करंगळी आणि शेजारचं बोट वाकडंच राहिलं होतं, ते आता सरळ होणार नव्हतं.

"कागदावर बरी झालीस व्हय? मंग बोटाला कोन सांगावं?"

बाया हसल्या. आईही थोडी हसली. घरी येऊन तिने कागद पेटीत ठेवला. पुढच्या वैशाखात मान पुन्हा आमच्या घराचा होता.

सिस्टर कोणाशी वाद घालायला गेल्या नाहीत. त्यांनी एवढंच केलं. पावसाळा संपता संपता, ऐन तापाच्या दिवसांत, आईला दवाखान्याच्या गोळ्या द्यायच्या खिडकीत बसवलं. त्या तपासून चिठ्ठी देत, चिठ्ठी खिडकीत दाखवायची आणि आईच्या हातून गोळ्या घ्यायच्या. कोणी कुरकुर केली की सिस्टर म्हणत, "हितं गोळी तिच्याच हातून मिळती. न्हाई तर पालमला जावा. यष्टी दहाला हाय."

लोक पालमला गेले. दवाखाना ओस पडला. आठ दिवस, पंधरा दिवस. आई खिडकीत बसून रस्त्याकडे बघे. एका दुपारी तिला राहवलं नाही.

"शिष्टर, मला उठू द्या. माझ्यापायी दवाखाना बुडायलाय."

सिस्टर माळ घेऊन बसल्या होत्या. "बस गुमान," त्या म्हणाल्या. "सकाळपासून तिसरी माळ व्हायली माझी. मरियाबी कंटाळली असंल. म्हणंल, आज हिला काम न्हाई का काय?"

पण तिन्हीसांजेला त्या फाटकाशी उभ्या राहून रिकाम्या वाटेकडे बघत होत्या, हेही मी पाहिलं. त्यांनाही खात्री नव्हती. आज मला त्यांच्या साऱ्या आयुष्यात ती उभी राहिलेली पाठ सगळ्यांत मोठी वाटते.

पहिले आले ते आप्पा. गावातले लिंगायत दुकानदार, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, अंगात हुडहुडी. सकाळी येऊन खिडकी बघून परत गेले होते. दहाची एसटी आलीच नाही. दुपारी पांघरूण लपेटून पुन्हा आले.

"आण बाई," ते दात वाजवत म्हणाले, "तुझ्या हातात काय हाय ते दे. जीव चाललाय माझा, तुझी बोटं कोन मोजत बसावं?"

आईने गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी आप्पा दुकानात बसलेले गावाने पाहिले. मग एकेक करत माणसं यायला लागली. जनाकाकूही आली, तापाने लाल झालेली. पहिल्या दिवशी तिने पदर पुढे केला आणि म्हणाली, "ह्यात टाक." आईने टाकल्या. दोन दिवसांनी पुन्हा आली तेव्हा पदर डोक्यावर होता आणि तळहात समोर. आईने गोळ्या तळहातावर ठेवल्या.

पण गोळी वेगळी आणि खीर वेगळी. गोळी माणूस गरजेपोटी घेतो. वैशाख जवळ आला तसं जनाकाकू कुडापलीकडून म्हणाली, "मान तुमचा, ते खरं हाय. पन खीर मी करते. तू बस पाटावर, नुसती बस."

आईने पहिल्यांदा तिला नाही म्हटलं. "मी करनार हाय, जाऊबाई. गोळ्या घेतल्याव की माझ्या हातच्या."

म्हटलं खरं, पण त्या दुपारी दवाखान्यात येऊन ती घमेल्यांशेजारी बसून राहिली. "शिष्टर, दूध सगळ्यांच्या घरचं हाय. कुनी वाटी पुढं केलीच न्हाई तर? भरलं पातेलं तसंच घरी न्यावं लागंल मला. पोरीदेखत."

सिस्टर म्हणाल्या, "मी येते." बस, एवढंच.

आता मी हे परभणीत माझ्या खोलीत बसून लिहिते आहे. आईला जाऊन चार वर्षं झाली. त्या गावात आता कुणी कुणाचे चट्टे बघत नाही. हापसा गंजून गेला, जीपमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या मुलीला खिरीच्या मानाची ही गोष्ट माहीत नव्हती. सिस्टर गेल्या म्हणून मी महिनाभर धड जेवले नाही. पण मागच्या खोलीत डोळे मिटून उभी राहिले तेव्हा आत जे उसळून आलं त्याला मी दुःख म्हणू शकत नाही. मला ढोल ऐकू येत होते. खिरीच्या त्या दिवशी ढोल मुळीच नव्हते, तरी.

त्या पौर्णिमेला विहारासमोर निळी पांढरी पताका लावली होती. तीन दगडांच्या चुलीवर मोठं पातेलं चढलं. दूध आटत आलं, वेलदोड्याचा वास वस्तीभर गेला. आईने पाच वर्षांपूर्वीचंच पांढरं लुगडं नेसलं होतं. सगळ्यांनी बसून वंदना म्हटली, पंचशील म्हटलं. मग आई उठली, डाव हातात घेतला आणि पातेल्यापाशी उभी राहिली. वाकडी बोटं डावाच्या दांड्याभोवती सगळ्यांना स्वच्छ दिसत होती. तिने ती झाकली नाहीत.

कोणी उठलं नाही. वाट्या मांडीवर, नजरा जमिनीवर. एक लेकरू उठायला लागलं तर त्याच्या आजीने त्याला खाली ओढलं.

सिस्टर सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून उभ्या होत्या. हातात जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची वाटी. मी डोळ्यांनी त्यांना विनवत होते, तुम्ही या, तुम्ही पुढे या. त्या जागच्या हलल्या नाहीत. मला त्यांचा इतका राग आला की मी दात आवळले. पुढे कित्येक वर्षांनी मी त्यांना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मी आले असते तर लोकांनी शिष्टरच्या भिडेनं खाल्लं असतं. पाय मलाबी उचलायलाच लागले व्हते. लय जोरानं धरून ठेवले."

किती वेळ गेला, सांगता येत नाही. खिरीवर साय धरायला लागली होती.

आणि जनाकाकू उठली. का उठली, मला आजही माहीत नाही. ती गुडघ्यावर हात देत, कण्हत उठली, सगळ्यांच्या मधून वाट काढत गेली आणि वाटी आईच्या पुढे धरली. आईने वरच्यावर डाव बुडवला.

"बुडाची दे," जनाकाकू खेकसली. "दाट. वरलं पानी दुसऱ्याला दे. जाऊ हाय मी तुझी, पावनी न्हाई."

आईने डाव पातेल्याच्या तळापर्यंत घातला. जनाकाकूने तिथेच उभ्याने वाटी तोंडाला लावली, भाजलं म्हणून आईलाच बोलली, आणि मागे वळून सगळ्यांवर ओरडली, "काय बगायलाव? मला हिथं नाटकाला उभं केलंय का? उठा की!"

मग उठले ते सगळेच. वाट्या, ताटल्या, तांबे. लेकरं दुसऱ्यांदा आली, तिसऱ्यांदा आली. आप्पांनी माणूस पाठवून डबा भरून नेला. आई वाढत होती, घाम पुसायला तिला हात मोकळा नव्हता. "सावकाश," "रांगेत या," "तू आत्ताच नेलीस ना रे?" असं ती ओरडत होती. माझ्या आईला इतक्या मोठ्याने बोलता येतं, हे मला ठाऊक नव्हतं.

सिस्टर सगळ्यांत शेवटी आल्या. आईने डाव फिरवला, पातेलं कलतं केलं, आत वाकून पाहिलं. काहीच उरलं नव्हतं. जिचा मान होता तिलाही नाही, सिस्टरांनाही नाही. सिस्टरांनी पातेल्याच्या कडेवरून बोट फिरवलं, ते चाटलं, आणि एखाद्या पोरीसारख्या हसत सुटल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी थांबेनात.

आईने ते पातेलं तिथे घासलं नाही. चुंबळ केली, रिकामं पातेलं डोक्यावर घेतलं आणि निघाली. इतकी वर्षं ती कोणाला अडचण नको म्हणून मागच्या बोळाने घरी जात असे. त्या दिवशी ती वस्तीच्या मधल्या रस्त्याने गेली. दारादारात माणसं वाटी हातात घेऊन उभी होती, ओठ अजून चिकट. मागे सिस्टर चालत होत्या, त्यांच्यामागे मी. घर शंभर पावलांवर होतं. आई ती शंभर पावलं फार सावकाश चालली.